साऊथ सगळं सारखंच का? व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना की टेनेसी

वाचकाचं पत्र:

ताई नमस्कार, आम्ही एडिसनला (न्यू जर्सी) राहतो. नवरा आयटीत, एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर, ग्रीन कार्डची रांग तुम्हाला माहितीच आहे. कंपनी इथलं ऑफिस बंद करतेय आणि तीन जागा दिल्यात, अ‍ॅशबर्न (व्हर्जिनिया), कॅरी (नॉर्थ कॅरोलिना) आणि नॅशविल (टेनेसी). नवरा म्हणतो नॅशविल, कारण तिथे पगारावर स्टेटचा टॅक्स नाही, आणि साऊथ सगळं सारखंच, एक घेतलं काय नि दुसरं काय. माझ्या जाऊबाई फेअरफॅक्सला असतात, त्या म्हणतात व्हर्जिनिया आता साऊथ राहिलंच नाही, अगदी जर्सीसारखं प्रोग्रेसिव्ह, डोळे मिटून या. मुलगी आठवीत आहे, ती म्हणते टेनेसीला मी येणारच नाही. अजून एक, हे सासरी-माहेरी कोणाला माहीत नाही, आम्ही दुसऱ्या बाळाचा विचार करतोय. मी एकोणचाळीसची आहे. मागच्या वेळी पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत प्रॉब्लेम निघाला आणि पुढे जे करावं लागलं ते आठवलं की अजून झोप उडते. कोणाचं खरं धरू?
– गोंधळलेली, एडिसन

उत्तर:

अगं, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू पत्राच्या शेवटी लिहिलीस, तर मी तिथूनच सुरू करते, कारण बाकी सगळं, म्हणजे कोण निळं (डेमोक्रॅट) कोण लाल (रिपब्लिकन), टॅक्स किती, जाऊबाई काय म्हणतात, हे त्याच्यानंतर.

तुला जी सोनोग्राफी आठवतेय ना, अ‍ॅनॉमली स्कॅन, ती साधारण १८ ते २२ आठवड्यांच्या मधे होते. आता या तीन स्टेटांचे कायदे त्या आकड्याशेजारी ठेवून बघ. टेनेसीत २०२२ च्या ऑगस्टपासून गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे, आईच्या जिवावर बेतलं किंवा शरीराची भरून न येणारी हानी होणार असेल तरच डॉक्टर हात लावू शकतात, बाळात दोष निघाला हे कारण तिथे चालत नाही. नॉर्थ कॅरोलिनात जुलै २०२३ पासून १२ आठवड्यांची मर्यादा आहे, त्यातही ७२ तास आधी प्रत्यक्ष जाऊन सही करायची, मात्र बाळ जगूच शकणार नाही असा दोष असेल तर २४ आठवड्यांपर्यंत सूट आहे. पण ‘जगू शकणार नाही’ म्हणजे नेमकं काय हे तिथले डॉक्टर आणि हॉस्पिटलचे वकील मिळून ठरवणार, तू नाही. आणि व्हर्जिनियात दुसरी तिमाही संपेपर्यंत, म्हणजे साधारण २६ आठवड्यांपर्यंत, कारण विचारलं जात नाही, त्यानंतर तीन डॉक्टरांचा दाखला लागतो. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रो विरुद्ध वेडचा, म्हणजे देशभर गर्भपाताचा हक्क देणारा, जुना निकाल फिरवल्यावर ज्या एकाच दक्षिणी स्टेटने नवीन बंधन घातलं नाही ते हे. तेव्हा नवऱ्याला सांग की साऊथ सगळं सारखं नाही, आणि हा फरक टीव्हीवरच्या चर्चेतला नाही, तुझ्या फाइलमधला आहे.

आता जाऊबाईंकडे येते. त्या अर्ध्या बरोबर आहेत. व्हर्जिनियाने अलीकडे जे केलंय ते खरोखरच दांडगं आहे, आणि बहुतेक सगळं २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत झालंय कारण तेव्हा एक पिढी उलटून पहिल्यांदा गव्हर्नर आणि विधिमंडळाची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सकडे होती. मार्च २०२१ मध्ये फाशी रद्द केली, जुन्या कॉन्फेडरेट, म्हणजे गुलामगिरीसाठी देशातून फुटून निघालेल्या, स्टेटांमधलं पहिलं, आणि हे त्या स्टेटने केलं ज्याने वसाहतीच्या काळापासून मोजलं तर देशात सगळ्यात जास्त, जवळजवळ १,४०० माणसं मारली होती. समलिंगी आणि ट्रान्स लोकांना नोकरीत, घरभाड्यात, दुकानात भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा २०२० चा, तोही साऊथमधला पहिला. मतदानाच्या वेळी फोटो आयडीची सक्ती काढली, ४५ दिवस आधीपासून कारण न देता मत टाकता येतं, आणि ली आणि जॅक्सन या कॉन्फेडरेट सेनापतींच्या नावाची जी सरकारी सुट्टी होती ती रद्द करून निवडणुकीच्या दिवशी सुट्टी दिली. मी रिचमंडला राहते, इथल्या मॉन्युमेंट अ‍ॅव्हेन्यूवर १८९० पासून ली घोड्यावर बसून होता, कॉन्फेडरसीची राजधानीच ना ही, तो सप्टेंबर २०२१ मध्ये उतरवला तेव्हा बघायला गर्दी होती, काही लोक गात होते, एक म्हातारा गृहस्थ कोणाशी न बोलता गाडीत बसून राहिला होता. आता तिथे हिरवळ आहे, नवीन माणसाला सांगितल्याशिवाय कळणारही नाही.

त्याआधीचं व्हर्जिनिया कसलं होतं हे पण माहीत असू दे. काळ्या-गोऱ्या मुलांना एका शाळेत बसवा असा कोर्टाचा हुकूम आला म्हणून इथल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या. पाच वर्षं. गोऱ्यांच्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली, काळ्यांची मुलं घरी बसली. आणि काळी बायको गोरा नवरा म्हणून ज्या जोडप्याला शिक्षा झाली आणि १९६७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने देशभर असे विवाह कायदेशीर झाले, ती केस पण व्हर्जिनियाचीच. त्याच स्टेटने १९८९ मध्ये डग्लस वाइल्डरना निवडून दिलं, देशातला पहिला निवडून आलेला काळा गव्हर्नर. आणि २०२५ मध्ये अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर पहिल्या बाई गव्हर्नर, चांगल्या १५ टक्क्यांच्या फरकाने, त्यांच्याबरोबर लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून गझाला हाश्मी, मूळच्या हैदराबादच्या. अ‍ॅशबर्नचे काँग्रेसमन सुहास सुब्रमण्यम. म्हणजे बदल झालाय यात शंका नाही.

पण बदल केला कोणी हे बघ. वॉशिंग्टनच्या अलीकडचा उत्तर व्हर्जिनिया, म्हणजे फेअरफॅक्स, लाउडन (तुमचं अ‍ॅशबर्न याच काउंटीत), प्रिन्स विल्यम, अर्लिंग्टन, तिथे सरकारी नोकऱ्या, कॉन्ट्रॅक्टर, डेटा सेंटर आणि आपल्यासारखे बाहेरून आलेले लोक, त्यात रिचमंड आणि समुद्राकडचा नॉरफोकचा पट्टा, एवढ्यांनी मिळून बाकी स्टेटला ओढलंय. १९६८ पासून २००४ पर्यंत प्रत्येक राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत व्हर्जिनिया रिपब्लिकनांकडे होतं, २००८ पासून एकदाही नाही. तुझ्या जाऊबाई या ओढणाऱ्यांच्या मधोमध राहतात, त्यांना अर्थातच सगळं जर्सी वाटणार. त्यांना म्हणावं एकदा पश्चिमेला तास-दीड तास गाडी घालून शेनान्डोआ काउंटीत जा, तिथल्या स्कूल बोर्डाने २०२० मध्ये काढलेली कॉन्फेडरेट सेनापतींची नावं मे २०२४ मध्ये दोन शाळांना परत दिली. अजून खाली नैऋत्येला कोळशाच्या काउंट्या आहेत, तिथे पाचातली चार मतं ट्रम्पला जातात, त्यातली ली काउंटी इतकी लांब पसरलीय की तिचं टोक डेट्रॉईटच्याही पश्चिमेला पडतं. हेही व्हर्जिनियाच, आणि ही माणसं काही कुठे गेलेली नाहीत.

बरं, जर्सीसारखं म्हणशील तर काही बाबतीत अजिबात नाही. युनियनला कमजोर करणारा राइट टू वर्कचा कायदा इथे १९४७ पासून आहे आणि डेमोक्रॅट्सच्या हातात सगळं होतं तेव्हाही त्यांनी त्याला हात लावला नाही. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाचा मताचा हक्क इथल्या घटनेनुसार कायमचा जातो, गव्हर्नरने एकेकाचा अर्ज बघून परत दिला तरच मिळतो. गांजा जवळ बाळगायला २०२१ पासून परवानगी पण विकत कुठून घ्यायचा याचा कायदा झाला की तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर यंगकिन व्हेटो करायचे, २०२४ लाही केला, २०२५ लाही, हा असला अर्धवट कारभार. शेजारच्या मेरीलँडने फाशी २०१३ मध्येच रद्द केली, गांजाची दुकानं २०२३ पासून चालू, किमान वेतन १५ डॉलर. त्यामुळे उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर व्हर्जिनिया मवाळ, दक्षिणेकडे तोंड केलं तर क्रांतिकारी. वासरांत लंगडी गाय शहाणी, एवढंच थोडक्यात म्हणता येईल.

आणि वासरांनाही कमी लेखू नको. वेस्ट व्हर्जिनिया, जे १८६३ मध्ये गुलामगिरीवाल्यांबरोबर जायचं नाही म्हणून व्हर्जिनियापासून वेगळं झालं आणि आज ७० टक्के मतं ट्रम्पला देतं, तिथे फाशी १९६५ पासून नाही. केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनिया दोघांनी गरिबांसाठीचं मेडिकेड २०१४ मध्ये वाढवलं, आपलं पुढारलेलं व्हर्जिनिया २०१९ पर्यंत थांबलं, नॉर्थ कॅरोलिना २०२३ च्या डिसेंबरपर्यंत, टेनेसीने अजून केलं नाही. केंटकीत गव्हर्नर डेमोक्रॅट आहे, अँडी बशिअर, दोनदा निवडून आलाय, आणि २०२२ मध्ये तिथल्या लोकांनी गर्भपाताचा हक्क घटनेतूनच नाकारणारी दुरुस्ती मतदानात पाडली, तरी बंदी आहे तशीच आहे कारण विधिमंडळ वेगळं चालतं. म्हणून एखादं स्टेट किती पुरोगामी हे एका पट्टीवर मोजायला गेलीस की फसशील. कुठल्या प्रश्नाबाबत आणि कोणासाठी, हे विचारायचं.

मला स्वतःला हा फरक सगळ्यात जास्त कळला तो ब्रिस्टलला. नकाशात बघ, व्हर्जिनियाच्या अगदी खालच्या टोकाला हे गाव, मुख्य रस्त्याचं नाव स्टेट स्ट्रीट, आणि रस्त्याच्या मधोमध पितळेच्या पट्ट्या ठोकल्यात, एका बाजूची दुकानं व्हर्जिनियात, समोरची टेनेसीत. दोन्हीकडे माणसं तीच, चर्च तसलीच, दोन्ही बाजूंनी मतं रिपब्लिकनांना. पण व्हर्जिनियाच्या बाजूच्या हॉटेलात ताटं उचलणाऱ्या पोराला २०२६ मध्ये तासाला किमान १२.७७ डॉलर कायद्याने मिळतात, समोरच्या फुटपाथवर ७.२५, कारण टेनेसीचा स्वतःचा किमान वेतनाचा कायदाच नाही, केंद्राचा आकडा चालतो. खिशात थोडा गांजा असेल तर अलीकडे काही नाही, पट्टी ओलांडली की गुन्हा. आणि टेनेसीच्या बाजूचं गर्भपाताचं क्लिनिक २०२२ मध्ये बंदी आल्यावर साधारण एक मैलावर, व्हर्जिनियाच्या बाजूला गेलं, आता लांब लांबच्या स्टेटांमधून बायका तिथे येतात. गावातल्या बऱ्याच लोकांना ते नको होतं, अजूनही नकोय. तरी ते चालू आहे, कारण कायदा रिचमंडला होतो आणि तिथे फेअरफॅक्सची मतं आहेत. म्हणजे ब्रिस्टलच्या बाईला जो हक्क मिळालाय तो तुझ्या जाऊबाईंच्या शेजाऱ्यांनी दिलेल्या मतांमुळे.

हीच गोष्ट उलटी नॅशविलला. नॅशविल शहर म्हणशील तर मस्त आहे, मतदान डेमोक्रॅट्सना, गाणी, खाणं, हॉस्पिटलं, सगळं. पण कायदे टेनेसीचे. २०२२ मध्ये विधिमंडळाने शहराचे तीन तुकडे करून तीन काँग्रेस मतदारसंघांत वाटून टाकले, आता शहराचा म्हणून एकही प्रतिनिधी वॉशिंग्टनला नाही. आणि मुलगी बहुधा ज्याबद्दल बोलतेय ते एप्रिल २०२३ चं, शाळेतल्या गोळीबारानंतर बंदुकांवर नियंत्रण हवं म्हणून सभागृहात निदर्शनं केली तर दोन तरुण काळ्या आमदारांना, जस्टिन जोन्स आणि जस्टिन पिअर्सन, सरळ हाकलून दिलं, त्यांच्याबरोबर उभी राहिलेली गोरी बाई एका मताने वाचली. स्थानिक कौन्सिलांनी दोघांना आठवड्याभरात परत पाठवलं म्हणा. आठवीतली मुलगी एवढं लक्ष ठेवते याचं मला कौतुक वाटलं, तिचं ऐका.

कॅरीबद्दल मी जास्त घोटाळ्यात आहे. राहायला खरंच सुरेख, मराठी मंडळी भरपूर, शाळा चांगल्या, घरं लाउडनपेक्षा परवडतील. गव्हर्नर डेमोक्रॅट, जॉश स्टाइन, त्याच्याआधी रॉय कूपर. पण विधिमंडळ २०१० च्या निवडणुकीपासून रिपब्लिकनांकडे आहे, मतदारसंघ त्यांनीच आखलेले, त्यामुळे गव्हर्नर सही करत नाही आणि विधिमंडळ ऐकत नाही असं रोजचं चाललेलं असतं. १२ आठवड्यांचा कायदा कसा झाला माहितीय? शार्लट भागातली एक आमदार, ट्रिशिया कॉथम, गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने बोलून डेमोक्रॅट म्हणून निवडून आली, एप्रिल २०२३ मध्ये पक्ष बदलला, आणि मे महिन्यात गव्हर्नरचा व्हेटो मोडायला जेवढी मतं लागतात बरोबर तेवढीच, ७२ विरुद्ध ४८, झाली. आयाराम-गयाराम आपल्याकडेच असतात असं समजू नये. आणि २०२४ मध्ये स्टाइन निवडून आल्यावर, त्याने शपथ घ्यायच्या आधीच, निवडणूक मंडळ नेमायचा गव्हर्नरचा अधिकार काढून ऑडिटरला दिला, कारण ऑडिटर रिपब्लिकनांचा.

आता व्हर्जिनियाची कमकुवत बाजू सांगते, जी जाऊबाईंनी सांगितली नसणार. इथे दरवर्षी निवडणूक असते, स्टेटची विषम वर्षांत, केंद्राची सम वर्षांत, आणि गव्हर्नरला लागोपाठ दुसरी टर्म मिळत नाही, देशात असं दुसरं स्टेट नाही. त्यामुळे सुकाणू सारखं इकडून तिकडे. २०२१ ला कार्बन कमी करायच्या ईशान्येकडच्या स्टेटांच्या गटात शिरलो, त्याच वर्षी यंगकिन निवडून आले, २०२३ संपता संपता बाहेर पडलो. त्याच २०२३ मध्ये त्यांनी १५ आठवड्यांची मर्यादा आणू म्हणून प्रचार केला, विधिमंडळ त्यांच्या हातात आलं असतं तर आज मी तुला वर जे २६ आठवडे लिहिलं ते लिहिता आलं नसतं. निकाल काय लागला, एका सभागृहात ५१–४९, दुसऱ्यात २१–१९. एवढ्या पातळ फरकावर. म्हणून गर्भपाताचा हक्क घटनेतच घालायचा ठराव २०२५ मध्ये विधिमंडळाने पहिल्यांदा केला. इथली पद्धत अशी की ठराव करायचा, मधे निवडणूक होऊ द्यायची, नवीन विधिमंडळाने परत करायचा, मग लोकांचं मतदान. समलिंगी विवाहाला बंदी घालणारं कलम २००६ मध्ये लोकांनीच मत देऊन घटनेत घातलं होतं, ते काढायलाही हाच रस्ता. नागरिक नसल्यामुळे तुम्हाला दोघांना मत नाही, पण या मतदानांकडे लक्ष ठेव, तुझ्यावर लागू होणारच आहेत.

तर माझं मत विचारशील तर अ‍ॅशबर्न. नॅशविल बाळाचा विषय संपेपर्यंत तरी नको, हे मी नवऱ्यासमोर स्पष्ट म्हणेन, आणि मला वाटतं आकडे त्याच्यासमोर ठेवलेस तर त्यालाही पटेल, तो तुझ्याबरोबर त्या सोनोग्राफीच्या खोलीत होता ना. कॅरी जर कंपनीच्या दृष्टीने जास्त चांगलं निघालं, प्रमोशन वगैरे असेल, तर ते अशक्य नाही, पण मग आधीपासून डॉक्टरांशी उघड बोलून ठेव, वेळ आली तर व्हर्जिनियात कुठे जायचं, इन्शुरन्स स्टेटबाहेर चालतो का, हे कागदावर असू दे. गरोदरपणात धावपळ करत हे शोधायचं नसतं. आणि कुठेही गेलीस तरी पहिल्या भेटीत मागची सगळी हकीकत सांग, लपवू नको, १० आठवड्यांपासून रक्ताची तपासणी होते, तुझ्या वयात डॉक्टर स्वतःच सुचवतील. त्याने सगळं कळतं असं नाही, पण काही गोष्टी लवकर कळतात.

लाउडनमध्ये मुलीला शाळेत दिवाळीची सुट्टी मिळेल. २०२१ मध्ये त्याच काउंटीच्या स्कूल बोर्डाच्या मीटिंगा देशभर गाजल्या, ट्रान्स मुलांचे नियम आणि वंशवादाबद्दल काय शिकवायचं यावरून लोक इतके भांडले की पोलिसांनी हॉल रिकामा केला. आपले देशी पालक त्यात दोन्ही बाजूंना होते. तेव्हा तिथे गेल्यावर शेजारी सगळे आपल्याच मताचे असतील असं धरून चालू नको.

राहिला टॅक्स. टेनेसीत पगारावर टॅक्स नाही हे नवऱ्याचं बरोबर. पण तो पैसा दुसऱ्या खिशातून काढतात, नॅशविलला सेल्स टॅक्स पावणेदहा टक्के आहे आणि किराण्यावरही लागतो, थोडा कमी दराने. व्हर्जिनियात इन्कम टॅक्स वरच्या टप्प्यावर पावणेसहा टक्के, किराण्यावर एकच टक्का. दोघांचा पगार मोठा असेल तर टेनेसीत थोडे वाचतील, ते मी नाकारत नाही, एक्सेल काढून बघा. फक्त त्या एक्सेलमध्ये अजून एक ओळ घाल, व्हर्जिनियात दारात उभ्या असलेल्या गाडीवर दरवर्षी काउंटीला टॅक्स भरावा लागतो, गाडी नवीन असेल तर बिल बघून चक्कर येते, आणि यंगकिन असोत की स्पॅनबर्गर, तो अजून कोणाला काढता आलेला नाही. जाऊबाईंना विचार, त्यांनी हे सांगितलंय का तुला.